दाजींची हयगय

मोटार विकत घेणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि ती बिघडल्यावर विकणाऱ्याला शिव्या देणारीही तितकीच असतात. पण मोटारीबरोबर आलेल्या ग्यारंटीच्या कागदावर अक्षर न् अक्षर विश्वास ठेवणारा माणूस आजवर एकच होऊन गेला असं माझं ठाम मत आहे, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या परभणीकडे दाजीच म्हणतात, तेव्हा जिल्ह्यात दाजी काही हजार तरी असतील. पण सेलूच्या बाजारात नुसतं ‘आमचे दाजी’ म्हटलं की समोरचा विचारी, “ते मोटारवाले?” आणि विचारताना ओठांत हसू दाबी. त्या हसण्यात कुचेष्टा असे पण ती चिमूटभर. बाकीची सगळी मायाच असे. दाजींवर मनापासून रागावणं कुणालाच जमलं नव्हतं. एक अक्का सोडून. तिलासुद्धा ते घरकामातून सवड काढूनच जमवावं लागे.

निजामाच्या अमलात दाजी अर्जनवीस होते. म्हणजे कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचं आणि लोकांच्या तक्रारी उर्दूत लिहून द्यायच्या. त्यांचं अक्षर इतकं देखणं, की अर्ज नामंजूर करणारा हाकीमसुद्धा कागदाला घडी पडू देत नसे असं लोक सांगत. दुसऱ्याचं दुःख कागदावर मांडण्यात त्यांचा हातखंडा होता. कुणाची म्हैस कोंडवाड्यात गेली तरी ते अर्जाची सुरुवात अशी काही करीत की वाचणाऱ्याला वाटावं, सल्तनतीचा पाया खचला. मग पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली, कचेरीतली भाषा बदलली. दाजींचं अक्षर होतं तेवढंच देखणं राहिलं. वाचणारे तेवढे गेले. लिंबाखाली काही वर्षं ते नुसतेच बसून राहिले. शेवटी एक दिवस त्यांनी शेतातला आपला वाटा धाकट्या भावाच्या हवाली केला, हैदराबादेला गेले आणि एक नवी कोरी लॉरी घेऊन सेलूला आले. खेड्यापाड्यांतला कापूस भरायचा आणि सेलूच्या जिनिंगला आणून टाकायचा, असा बेत होता. बेतात खोट काहीच नव्हती. फक्त दाजींना मोटार चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. “आमी लिवणारे लोक,” ते म्हणत. “चालवणारा येगळा पायजे.” तो चालवणारा म्हणजे खाँसाहेब. एका जहागीरदाराच्या पदरी ते मोटार हाकत होते. जहागिरी गेली आणि हेही लिंबाखाली येऊन बसले. दोन बेकार माणसं एका झाडाखाली बसली की धंदा निघतोच.

मोटार घरी आली त्या दिवसापासून दाजी तिला अहो-जाहो करू लागले. “त्या आज दमल्यात,” “त्यांना आधी पाणी पाजा, मग मला च्या द्या,” असं त्यांचं बोलणं. पाहुण्यारावळ्यांना वाटे, घरात कुणी वडीलधारी बाई आहे. अक्काची माहेरून आलेली रजई पहिल्याच थंडीत इंजिनावर गेली. अक्का म्हणाली, “मला न्हाई कधी पांघरूण घातलं ते.” त्यावर दाजींनी अगदी गंभीरपणे सांगितलं, “तुझी ग्यारंटी न्हाई कुणी दिलेली. ह्यांची दिलीय. शर्तीनं वागाया पायजे.” त्या शर्ती एका इंग्रजी पुस्तिकेत छापलेल्या होत्या. मी परभणीला हायस्कुलात मास्तर, मोडकंतोडकं का होईना इंग्रजी शिकवणारा. त्यामुळे दर सुट्टीला दाजी मला समोर बसवून ती पुस्तिका अध्यायासारखी वाचून घेत. प्रत्येक वाक्याला “मंजे काय?” एकदा वाचता वाचता आलं, की दैवी आपत्तीनं नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. दाजी चमकले. “दैवी मंजे देवानं केलेलं? कोणत्या देवानं?” मी म्हटलं, कोणत्याही. “असं कसं? नाव टाकाया पायजे. उद्या हे कुणावरबी ढकलतील.” आणि त्यांनी समासात उर्दूत एक खूण करून ठेवली.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की नवं इंजिन सुरुवातीला हळू हाकावं. ‘हळू’ या शब्दाचा अर्थ दाजींनी कमालीच्या निष्ठेनं घेतला. ते स्वतः खाँसाहेबांच्या शेजारी बसत आणि काटा जरा वर सरकला की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवीत. सेलूच्या रस्त्यावर सायकली त्यांच्या पुढे जात, वऱ्हाडं पुढे जात. एकदा मी मागच्या कापसावर बसलो होतो, तेव्हा खाँसाहेब काकुळतीनं म्हणताना ऐकलं, “मालिक, पिच्छे बैलां खडे हैं. रस्ता मांग रैं.” दाजी म्हणाले, “जाऊ द्या त्यांना. बैलांची ग्यारंटी नसती.”

आणि तेल! तेलाला हात लावायची खाँसाहेबांनाही बंदी होती. रोज सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी दाजी इंजिनातली तेलाची पट्टी ओढून काढीत, उजेडात धरीत, टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून पाहत, हुंगत. वैद्यानं नाडी पाहावी तसे त्यांचे डोळे मिटलेले असत. एकदा त्यांनी ते जिभेवर लावून पाहिलं असं अक्का शपथेवर सांगे. दाजी ते नाकारीत, पण नेटानं नाही. तेलाचा डबा देवघरात असे, कारण तिथं उंदीर येत नव्हते. माझ्या भाचीला लहानपणी बरेच दिवस वाटत होतं की तोही एक देवच आहे.

आता ज्या माणसाचं इंजिन मोडायला नको होतं असा एकच माणूस निवडायचा झाला असता, तर मी डोळे मिटून दाजींकडे बोट दाखवलं असतं. मोडलं ते त्यांचंच. ग्यारंटीची मुदत सरायला थोडेच दिवस उरले होते. पोखर्णीकडून कापूस भरून लॉरी परभणीवरून सेलूला निघाली होती, थंडीतली ऐन दुपार होती आणि दाजींच्या आयुष्यात त्या वेळी कसलंही दुःख नव्हतं. नरसिंहाच्या देवळापासून थोडं पुढं आल्यावर बॉनेटखाली असा काही आवाज झाला की बाभळीवरचे पक्षी उडाले. इंजिनातला एक दांडा मोडून, इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला होता. सगळं तेल भळाभळा रस्त्यावर सांडलं आणि आमच्या काळ्या मातीनं ते पाहता पाहता पिऊन टाकलं. खाँसाहेब खाली उतरले, वाकून पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, “मालिक, गई.”

दाजी आपल्या जागेवरून हलले नाहीत. ते फक्त म्हणाले, “गेल्या म्हणा, खाँसाहेब.”

दुसऱ्या दिवशी मला निरोप आला आणि मी पोखर्णीला गेलो, तर दाजी रस्त्याकडेला बसून एका रिकाम्या डब्यात माती भरत होते. तेल प्यालेली माती. मी विचारलं, हे काय करायलात? “पुरावा,” ते म्हणाले. पण चेहरा खेळकर होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते दुःखी नव्हतेच. लॉरी मोडली याचं वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याखाली एक प्रकारची उत्सुकता होती. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिल्या. आज पहिल्यांदा स्वतःची आली होती, आणि तीही अशी की जिच्यात हरण्याची सोयच नव्हती. “मास्तर, कागद आपल्याकडं हाय,” ते म्हणाले. “शर्त एकबी मोडलेली न्हाई. ते आपणहून इंजिन घेऊन येतील बघा.” मग जरा घुटमळून त्यांनी देवळाच्या शिखराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. “लिवताना फक्त नरसिंहाचं नाव घालू नका. पोखर्णीच्या अलीकडं असं लिवा. उगं देवावर ढकलतील.”

लॉरी दुसऱ्या एका लॉरीमागं दोरखंडानं बांधून सेलूला आणली. तक्रारीचा मसुदा दाजींनी आधी उर्दूत केला. कंपनीच्या मॅनेजरच्या कीर्तीचं वर्णन, त्याच्या न्यायबुद्धीची स्तुती, मग मोटारीचं बालपण, मग तिची तब्येत, आणि चौथ्या पानाच्या तळाशी इंजिन मोडतं. मी त्याचं इंग्रजी करून आणलं तर ते अर्ध्या पानातच संपलं. “वर काय लिवलंय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘डियर सर’. “एवढंच? एवढ्या दारातून आपली तक्रार आत जाईल व्हय?” त्यांना ते फार लागलं. पण ‘साहेब लोकांची तशी रीत असेल’ म्हणून त्यांनी सही केली.

कंपनीनं हैदराबादहून पाहणीला एक साहेब पाठवला. तरणा होता, गळ्यात टाय, आणि सेलूच्या धुळीनं हैराण झालेला. दाजींनी त्याला पुरणपोळी घातली, वर तूप वाढलं, आग्रह केला, आणि आमच्याकडच्या आग्रहाची सवय नसल्यामुळे साहेब जेवल्यावर ओसरीवर जो आडवा झाला तो उन्हं कलेपर्यंत उठला नाही. उठल्यावर गाडीची वेळ झाली होती. तोंडातलं पान संपायच्या आत त्यानं इंजिन पाहून घेतलं, तेलाची पट्टी ओढली, कोरडी आहे असं टिपून घेतलं. दाजी म्हणत होते, “साहेब, पोटाला भोक पडल्यावर तेल ऱ्हाईल कसं? ही माती बघा.” साहेबानं मातीच्या डब्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

उत्तर आलं ते मी सेलूला जाऊन वाचून दाखवलं. कंपनीनं दावा नाकारला होता. कारणं दोन. एक, लॉरी रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेली आहे, आणि पाहणीत सदर भागात रस्ता आढळला नाही. यावर खाँसाहेब मोठ्यानं हसले, मीही हसलो. दोन, मालकानं तेलाकडे लक्ष दिलं नाही. इंजिन मालकाच्या निष्काळजीपणानं गेलं. आता तिथं जो इंग्रजी शब्द होता त्याला मी मराठीत ‘हयगय’ म्हटलं. दुसरा एखादा गुळगुळीत, कचेरीतला शब्द घालता आला असता. पण तोंडात तो आला. दाजींनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “हयगय? कुणाची?” मी म्हटलं, “मालकाची.” “मंजे माझी?” मी पत्राची घडी घातली. ते उठले, देवघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. अक्का मला म्हणाली, “बापू, तुला दुसरं काई वाचता आलं न्हाई व्हय रे?”

त्या दिवसापासून दाजींचं भांडण इंजिनाशी राहिलं नाही, त्या शब्दाशी लागलं. आम्ही लिहीत गेलो, ते नाकारत गेले. रस्ता आहे हे शाबीत करायला दाजी पोखर्णीला गेले आणि माणसांचे जबाब घेऊन आले. त्यातला एक म्हातारा धनगर होता. त्यानं मोठ्या आत्मीयतेनं सांगितलं, “रस्ता? हाय की! माजी मेंढरं रोज त्येच्यावरूनच जातेत. लय चांगला रस्ता हाय, गवतबी हाय.” मी तो जबाब वगळूया म्हणत होतो, पण दाजी म्हणाले, “खरं बोललाय बिचारा, ऱ्हाऊ द्या.” कंपनीनं पुढच्या पत्रात फक्त ते गवत उचललं. मातीचा डबाही दाजींनी पार्सलनं पाठवला. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे: “आपण पाठविलेला चिखल मिळाला. त्याचा उद्देश कळला नाही.” इतकं सभ्य, इतकं थंड वाक्य मी पुन्हा वाचलं नाही. दाजींनी ते ऐकलं आणि जन्मात प्रथमच कंपनीची बाजू घेतली. “खरं हाय त्यांचं. हैदराबादेत त्यांनी काळी माती कुठं बघितली असंल.”

मग भाषावार प्रांत झाले, हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. लोकांनी साखर वाटली, मीही शाळेत भाषण केलं. दाजींना मात्र कंपनीचं पत्र आलं, की परभणी जिल्हा आता मुंबई शाखेकडे गेला असून तक्रार तिकडे करावी. मुंबई शाखेनं कळवलं, की लॉरी हैदराबादेनं विकली आहे, तेव्हा जबाब तेच देतील. परभणी होती तिथंच होती, सेलू होतं तिथंच होतं, लॉरी तर जागची हलूच शकत नव्हती. फक्त दाजींची तक्रार दोन राज्यांच्या मधल्या कुठल्याशा जागी जाऊन पडली, जिथं कुणाचाच अंमल नव्हता. “पैले तरी एकच नवाब होता,” ते एकदा म्हणाले. “न्हाई म्हणायचा तर तोंडावर न्हाई म्हणायचा.”

लॉरी अंगणात उभी होती. पहिलं वर्षभर खाँसाहेब रोज सकाळी येऊन ती पुसत. पगार केव्हाच थांबला होता; त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मग हळूहळू चाकांतली हवा गेली, कोंबड्या आत अंडी घालू लागल्या, आणि खाँसाहेब एक दिवस पांढरा अंगरखा घालून आले. नांदेडला कुणाच्या तरी लॉरीवर काम मिळालं होतं. “मालिक, हात बेकार हो गए,” ते म्हणाले, “रात कू नींद में बी गियर बदलतूं.” दाजी म्हणाले, “जावा, जावा. हळू चालवा.” खाँसाहेबांनी जाताना बॉनेटवर हात ठेवला, सवयीनं. दाजी घरात निघून गेले. अक्का तोवर शेजारपाजारच्या बायकांच्या चोळ्या शिवून घर चालवू लागली होती. दाजी दिवसभर बाजेवर बसून पुढच्या पत्राचा मजकूर जुळवत. बोलता बोलता मधेच थांबत. पूर्वी ते तक्रारीत एखादा उर्दू शेर घालून वाचून दाखवीत, तेही बंद झालं. बाजारात लोक त्यांना पाहून हसेनासे झाले, आणि मला वाटतं ते त्यांनाही कळलं.

शेवटी मीच म्हटलं, आपण हैदराबादेला समक्ष जाऊ. कंपनीच्या कचेरीत आम्हाला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. मग मोठ्या साहेबानं आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला, फाईल चाळली, मधेच हसला. बहुधा चिखलाचं पत्र आलं असावं. मग म्हणाला, कंपनीला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. दुरुस्त केलेलं एक जुनं इंजिन आम्ही तुम्हाला खास बाब म्हणून देऊ. एका कागदावर सही करा, म्हणजे झालं. कागद मी वाचला. त्यात लिहिलं होतं, की सदर इंजिन मालकाच्याच हयगयीनं गेलं हे मला कबूल आहे, आणि कंपनीनं केवळ उदारपणे दुसरं दिलं आहे. दाजी म्हणाले, “मास्तर, साहेबांना म्हणा, इंजिन नका देऊ. तेवढा एक शब्द काढा.” मी तसं सांगितलं. साहेबाला ते कळेना. त्यानं मला दोनदा विचारलं, इंजिन नको म्हणतात? मग खांदे उडवून म्हणाला, कागद घरी घेऊन जा, विचार करा, सही करून पाठवा.

परतीच्या गाडीत दाजी खिडकीपाशी बसले होते. बाहेर ज्वारीची शेतं पळत होती. ते एकदम माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, त्या दिवशी मी तेल बघितलं होतं का?”

मी म्हटलं, “असं काय विचारता दाजी? तुम्ही रोज बघत होतात.”

“रोज बघत होतो. रोजचं आठवतंय. त्या दिवसाचं आठवंना गेलंय. लय येळा आठवून बघितलं. आंघोळ केलेली आठवती. खाँसाहेबांनी हाक मारलेली आठवती. मधलं काईच न्हाई.” त्यांनी तळहात पाहिले. “इतके लोक म्हणायलेत. साहेब शिकलेला माणूस हाय. लिवलेलं हाय. माझ्याकडनं ऱ्हाईलंच असंल तर?”

मला त्या क्षणी कंपनीचा जेवढा राग आला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत आला नव्हता. इंजिन न देणं मी समजू शकत होतो. पण या माणसाच्या हातून त्याची एक सकाळ त्यांनी काढून घेतली होती, आणि तिची भरपाई कुठल्याच ग्यारंटीत बसत नव्हती. मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दाजींनी दौत-लेखणी घेतली आणि अंगणात बाजेवर कागद मांडला. “करून टाकतो दस्तखत,” ते म्हणाले. “घर चालाया पायजे. हिनं किती दिवस सुईनं डोळे फोडून घ्यायचे?” त्यात राग नव्हता, कडवटपणाही नव्हता. ते नुसते थकलेले होते. अक्का उंबऱ्यावर चोळीला टाके घालत बसली होती. तिनं सुई कापडात खोवली.

“बापू, काय लिवलंय त्यात?”

मी सांगितलं.

“हयगय असंच लिवलंय?”

“असंच.”

ती उठून बाजेपाशी आली. “अवो, दस्तखत करू नका,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुमी तेल बघितलं होतं.”

दाजींनी वर पाहिलं. “तुला काय ठावं?”

“मला न ठावं असाया काय झालं? तेल बघून आलात आन् तसल्याच हातानं माझा पदर ओढलात, च्या टाक म्हणून. हळदीच्या रंगाचं लुगडं होतं. काळी बोटं उठली. तुमी तिकडं पोखर्णीला आन् मी हितं दिवसभर डाग घासत शिव्या द्यायलेली.”

दाजी सावरून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत जुन्या अर्जनविसाची चमक आली. “लुगडं कुठाय ते?”

“कवाच वाकळंत शिवलं. धुऊन धुऊन डाग गेला.”

“मंजे पुरावा न्हाई.”

“मी हाय की,” अक्का म्हणाली.

दाजी तिच्याकडे पाहत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असे ते तिच्याकडे पाहताना मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी कंपनीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर, आपल्या त्या देखण्या उर्दू अक्षरात, एकच ओळ लिहिली: हयगय झालेली नाही, सबब सही करता येत नाही. ना स्तुती, ना शेर. मी इंग्रजी करून देतो म्हणालो. “नगं,” ते म्हणाले. “वाचायचं असंल तर वाचणारा शोधतील.”

इंजिन अर्थातच आलं नाही. उत्तरही आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नांदेडचा एक भंगारवाला येऊन लॉरी तोडून घेऊन गेला. दोन दिवस अंगणात घणाचे घाव पडत होते आणि त्या दोन्ही दिवशी दाजी स्टेशनावर जाऊन बसले होते. मग जिनिंगच्या फाटकात येणाऱ्या गाड्या लिहून घेण्याचं काम त्यांना मिळालं. मराठी लिहावं लागे. त्यांचं बाळबोध अक्षर लहान पोरासारखं, काना-मात्रा सांभाळत चालणारं होतं. मी एकदा तिथं गेलो तेव्हा ते एका गाडीवानाला त्याच्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा विचारून लिहीत होते आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. कुणी कटकट करत नव्हतं. ते बरे होते. पण त्यांनी त्यानंतर कधी कुणाची तक्रार लिहून दिली नाही, आणि स्वतःही कशाची केली नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही; काय होतंय असं विचारलं की नुसते हसत.

ते गेल्यावर पुढं कधीतरी मी सेलूला गेलो होतो. अक्का ओसरीवर तूर निवडत बसली होती. पुष्कळ दिवस माझ्या मनात एक प्रश्न होता. एवढ्या वर्षांत तिनं त्या लुगड्याचा उल्लेख आधी कधीच केला नव्हता. दाजी रोज तोच विषय काढत असताना नाही, मी पत्रं लिहीत असताना नाही. मी म्हटलं, “अक्का, ते हळदीच्या रंगाचं लुगडं. खरंच होतं का गं?”

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“च्या घेतोस का बापू?” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून हळूच उठली.